मामा, किती अँपिअर?

विजेला या जगात कुणाची भीती वाटत असेलच, तर ती फक्त आमच्या मामेसासऱ्यांची. तुम्ही-आम्ही विजेला भितो, ओल्या हाताने बटण दाबायची वेळ आली की कुलदैवत आठवतो. यांच्या बाबतीत सगळं उलटं. ते नुसते उंबऱ्यात उभे राहिले की कुरकुरणारा पंखा गुमान फिरायला लागतो आणि आठवडाभर डोळे मिचकावणारी ट्यूबलाइट पहिल्या झटक्यात लागते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी पडलो शाळेत मराठी शिकवणारा माणूस. वीज मला ठाऊक ती कवितेतली, ढगाआडून चमकणारी. ती मोजता येते, आणि मोजल्याशिवाय काही माणसांना जेवण जात नाही, हे मला लग्नानंतर कळलं.

मामेसासरे म्हणजे आमच्या सौ.चे सख्खे मामा. ओझरच्या विमान कारखान्यात विजेच्या खात्यात त्यांनी उभी हयात काढली आणि नाशकात गंगापूर रोडला घर बांधलं. अंगाने किरकोळ, मिशी बारीक, आणि पोलीस जिथे पिस्तूल अडकवतात तिथे कमरेच्या पट्ट्याला चामड्याचं एक पाकीट. त्यात टाँग टेस्टर. हे चिमट्यासारख्या तोंडाचं यंत्र असतं. त्याच्या तोंडात वायर धरली की आतून किती करंट चाललाय ते दिसतं. लग्नकार्यात लोक आहेराची पाकिटं सांभाळतात, मामा हे पाकीट सांभाळत. आमच्याच लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मला अंतरपाटावरून मामा दिसले ते मांडववाल्याच्या वायरीला हा चिमटा लावून उभे. वायर तापली होती म्हणे. त्यांनी तिथल्या तिथे दोन हॅलोजन उतरवायला लावले, म्हणून आमचे सगळे फोटो काळे आले. सौ. अजून त्यांना हे ऐकवते. "फोटोच काळे झाले, मांडव नाही," एवढंच मामा म्हणतात आणि पुढची पोळी वाढून घेतात.

आम्ही इंदिरानगरला बिऱ्हाड मांडलं तेव्हा मामा पहिल्यांदा घरी आले. सौ. पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी, पण मामा आत येईनात. बाहेर मीटरच्या पेटीपुढे हात मागे बांधून उभे. त्या वेळच्या मीटरमध्ये फिरणारी चकती असायची. मला म्हणाले, "जावईबापू, घरात काय चालू आहे?" मी म्हटलं, काही नाही, मामा. "काही नाही कसं? चकती तर फिरतेय." मग बूट काढून मोहीम आत आली. पंखे बंद, दिवे बंद, फ्रीजचा प्लग काढला, तरी चकती आपली मुंगीच्या पावलाने चाललेलीच. शेवटी गुन्हेगार सापडला, रिमोटने बंद केलेला टीव्ही. त्याचा तो लाल ठिपका जागा होता. "हा झोपेत खातोय," मामा म्हणाले आणि तेव्हा कुठे पाणी प्यायले.

मामींनी या माणसाबरोबर संसार कसा केला, हा प्रश्न आमच्या घरात दर दिवाळीला निघतो. मामी देवळ्याकडच्या, कांदा पिकवणाऱ्या घरातल्या. बोलणं मोजकं, पण लागेल तिथे नेमकं लागणारं. त्यांना बघायला मामा गेले, तेव्हा पोहे आले, मुलगी आली, पाटावर बसली. मामा मात्र वर बघताहेत. वरचा दिवा मिणमिणत होता. यांनी स्टूल मागवलं, बटणाची पट्टी उघडली, सैल झालेला स्क्रू आवळला, दिवा किंचित उजळला, आणि समाधानाने खाली उतरून मामा म्हणाले की पसंत आहे. "मला बघायला आले आणि दिवा बघून गेले," असं मामी सांगायच्या. पुढे संसारात मिक्सर लावायच्या आधी "लावते हं" अशी सूचना द्यावी लागे, कारण मामा चटणीला किती करंट लागतो ते बघायला यायचे. ओल्या खोबऱ्याला कमी लागतो आणि सुक्याला जास्त, हे ज्ञान जगात फक्त त्या एका घरात आहे.

निवृत्त झाल्यावर मामांनी एक जुनी मॅटाडोर गाडी आणून अंगणात उभी केली. भारत बघायचा, पण लॉजमध्ये राहायचं नाही, कारण लॉजच्या वायरिंगवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून गाडीतच घर. सातपूरच्या एका वेल्डरला हाताशी धरून त्यांनी आत पलंग बसवला, ओटा केला, पाण्याची टाकी, दोन पंखे, तीन दिवे, पलंगाखाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणि त्यांच्या डोक्यावर इन्व्हर्टर. मामी त्या गाडीला "माझी सवत" म्हणायच्या आणि सवतीला पडदे मात्र स्वतः शिवून दिले. गाडी तयार झाली, रंग झाला, पुढे लिंबू-मिरची लागली, आणि तिथेच अंगणात राहिली. कारण मोजमाप पुरं झालं नव्हतं.

इन्व्हर्टर म्हणजे काय ते आमच्या पिढीच्या नाशिककरांना सांगायला नको. लोडशेडिंगने सगळ्यांना शिकवलं आहे. वीज असताना त्याच्यातला चार्जर बॅटरी भरतो, वीज गेली की तीच बॅटरी आपले पंखे फिरवते, इतकं सरळ. मामांच्या लेखी मात्र ते सरळ नव्हतं. "पंखा खातो ते दिसतं हो. पण हा बाबा मधल्या मधे स्वतःसाठी किती ठेवून घेतो?" यावर ते महिनोन् महिने बसले. गाडीत एकही दिवा नाही, पंखा नाही, नुसता इन्व्हर्टर चालू, आणि हे पलंगाखाली आडवे. एकदा बाहेर येऊन चष्मा पुसत म्हणाले, "काही न करता खातोय." मामी तिथे लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे अडत्याच की. आमच्या कांद्याला नाही का, माल आमचा, गिऱ्हाईक दुसऱ्याचं, मधे याची अडत." मामांना हे इतकं पटलं की त्या दिवसापासून आमच्या घराण्यात इन्व्हर्टरच्या स्वतःच्या खाण्याला अडत म्हणतात.

एका रविवारी मी मदतीला गेलो. जावयाचा उत्साह. मामा आत बॅटरीपाशी, मी बाहेर प्लगच्या वायरीपाशी टाँग टेस्टर घेऊन. चार्जर घूं करून चालू झाला. आतून हाक आली, "किती अँपिअर?" मी वायर चिमट्यात धरली आणि म्हटलं, शून्य. "नीट बघा." शून्यच, मामा. मग मामा गुडघे टेकत बाहेर आले, माझ्या हाताकडे बघितलं, आणि ज्या नजरेने मी शुद्धलेखनाच्या वह्या तपासतो त्या नजरेने माझ्याकडे बघितलं. मी अख्खी केबल धरली होती, आतल्या दोन्ही वायरींसकट. "जाणारा आणि येणारा दोघांना एकत्र धरलंत, तर शून्यच येणार ना. एकाला धरा," असं म्हणून त्यांनी प्लग काढला, केबलचं वरचं आवरण सोललं आणि एक वायर माझ्या हातात दिली. मामी घराच्या ओट्यावरून म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही चहा घ्यायला या. ते तुम्हाला सोडतील असं वाटत नाही."

असं सगळं हसण्याखेळण्यात चाललं होतं आणि मामींना धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. फुप्फुसं आकसत चालली होती. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, हवेतून प्राणवायू काढून नळीने नाकाशी पोचवणारं. ते कायम चालू हवं, म्हणजे वीज कायम हवी. मामांनी घरात इन्व्हर्टरवर इन्व्हर्टर लावले. लोडशेडिंग आलं-गेलं तरी मामींना कळत नसे. पण मामी घरात अडकल्या त्या अडकल्याच. वर्षभर त्यांनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. मशीनची वायर पोचेल तेवढं त्यांचं जग. मामांनी गाडीवर ताडपत्री टाकून दिली. टाँग टेस्टर पट्ट्याला असायचा, पण पाकिटाचं बटण मी कितीतरी दिवस उघडलेलं पाहिलं नाही.

मग मामींचे धाकटे भाऊ लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. या भाचीला मामींनी लहानपणी नाशकात ठेवून घेऊन शिकवलं होतं, पोटच्या पोरीसारखी. भाऊ म्हणाले, "ताई, तुले यावं लागी." मामी हसल्या. "कशी येऊ रे? अक्षता इथून टाकते, तिच्या डोक्यावर पडल्या असं समज." भाऊ मान खाली घालून चहा प्यायले. मामा कोपऱ्यात बसून हे ऐकत होते. ते उठले, अंगणात गेले, आणि आम्हाला ताडपत्री ओढल्याचा आवाज आला.

त्यानंतर जे मोजमाप झालं त्यात गंमत नव्हती. मशीन किती खातं, अडत किती, बॅटरी किती वेळ पुरेल. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रिकामी झालेली बॅटरी भरताना चार्जर किती ओढतो. कारण मामींच्या माहेरी वीज यायची ती दुपारची थोडा वेळ. तेवढ्यात बॅटरी पोटभर जेवली पाहिजे, तरच गोरज मुहूर्तावरचं लग्न लागेपर्यंत थांबता येणार. मामांनी रंगीत तालीमच घेतली. मामींना मशीनसकट गाडीत झोपवलं, घराची वीज तोडली आणि गाडी जागेवर उभी. शेजारच्या काकू खिडकीतून चहा देत विचारायच्या, "कुठवर पोचलात?" मामी पडदा सारून म्हणायच्या, "आता चांदवड आलं असेल." अशा त्यांनी अंगणातल्या अंगणात देवळ्याच्या कितीतरी खेपा केल्या. प्रत्येक खेपेला चार्जरने बॅटरी वेळेत भरली, तेव्हा कुठे मामांनी गाडीची किल्ली हातात घेतली. डॉक्टरांनी थोडा वेळ पुरेल असा एक लहान सिलिंडर सोबत घ्यायला लावून परवानगी दिली. "थोडं जरी कमी पडेल असं वाटलं, तर सरळ माघारी फिरायचं," असं त्यांनी मामांकडून कबूल करून घेतलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी, सौ., मामा, मामी आणि ते मशीन असे निघालो. भावडबारीचा घाट चढताना मामी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या, नळीसकट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवेगार कांदे. गावात शिरलो तेव्हा निम्मं गाव गाडी बघायला आणि निम्मं ताईला बघायला जमलं. भाची हळदीच्या अंगाने धावत आली आणि गाडीत चढून आत्याच्या गळ्यात पडली. मामींची साडी पिवळी झाली.

दुपारी वीज आली. मामांनी आधीच गाडीची वायर घरात नेऊन जोडली होती. वीज आल्याचं कळलं, कारण शेजारपाजारचे दिवे लागले, पण चार्जर काही बोलला नाही. मामांनी व्होल्टमीटर लावला. काटा दीडशेपाशी लोळत पडला होता. वीज होती, पण इतकी अशक्त, की आमचा इन्व्हर्टर तिला वीज मानायला तयार नव्हता. झालं असं होतं की वीज आल्याबरोबर गावातल्या एकूण एक विहिरीवरची मोटार चालू झाली होती. कांद्याला पाणी द्यायचे दिवस. तेवढ्याच वेळात जेवढं देता येईल तेवढं जो तो देणार. जनरेटरचं विचारलं, तर मांडववाल्याचा जनरेटर दुसऱ्या गावच्या लग्नातून अजून सुटायचा होता.

मामा गाडीच्या पायरीवर मटकन बसले. "मी मोजलं ते नाशकात मोजलं," ते म्हणाले. "इथे येऊन मोजायला पाहिजे होतं." आतून मामी म्हणाल्या, एकेक शब्दाला थांबत, "अहो, मला बघायला आलात, तेव्हापासून आमचा दिवा मिणमिणताच आहे. तेवढं कसं विसरलात?" मामांनी वर बघितलंच नाही. म्हणाले, "आता निघालो तर बॅटरी घरापर्यंत पुरेल. थांबलो तर पुरणार नाही. निघू या." मामींनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग म्हणाल्या, "बरं." त्या "बरं"ला वर्षभराचं वजन होतं. सौ.ने तोंड फिरवलं, आणि खरं सांगायचं तर मीही.

भाऊ धावत आले. "काय व्हयनं, दाजी?" मामांनी सांगितलं. भावाने काटा बघितला, मांडवाकडे बघितलं. म्हणाले, "ताई लगीन देखीसनच जाई." ताई लग्न बघूनच जाणार. मामा म्हणाले, "असं करू नका. पाण्याचा वेळ आहे लोकांचा. कांदा सुकेल." भाऊ ऐकायला थांबले नाहीत. आधी स्वतःच्या विहिरीवर माणूस पिटाळला. मग मांडवात जाऊन बॅटरीवरचा माइक हातात घेतला आणि जिथे आहेर पुकारतात तिथून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं सांगितलं, की माझी बहीण ऑक्सिजनवर आहे, तिची बॅटरी भरायची आहे, व्होल्टेज नाही. ज्याच्या मनात येईल त्याने मोटार बंद करावी, माझी जबरदस्ती नाही.

मामांनी व्होल्टमीटर माझ्या हातात दिला आणि आत मामींजवळ जाऊन बसले. मी एकटाच त्या काट्याकडे बघत होतो. बराच वेळ काही नाही. मग काटा किंचित हलला. कुठेतरी एक मोटार बंद झाली असणार. मग परत हलला. दूरवरून ऐकू येणारी ती मोटारींची घरघर एकेका बाजूने विरत गेली. एक म्हातारेबुवा डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, सायकलवरून आले, मला विचारलं, "चढलं का?" मी म्हटलं, चढतंय, बाबा. "आमची आताच बंद केली. वरच्या मळ्यातली राहिलीय, तिकडं पोरगं गेलंय," म्हणाले आणि तिथेच सायकल धरून उभे राहिले. काटा एकशे सत्तर, ऐंशी, मग जरा थबकून एकशे नव्वदच्या पुढे सरकला. आणि पलंगाखालून चार्जरचा तो घूं असा आवाज आला. एवढा सुंदर आवाज मी आजवर कुठल्या मैफिलीत ऐकलेला नाही. मी आत डोकावून म्हटलं, "मामा, लागला." मामांनी नुसती मान हलवली.

वीज परत जाईपर्यंत गावातली एकही मोटार लागली नाही. त्या दिवसाचं पाणी गेलं ते गेलंच, आणि कुणी ते बोलून दाखवलं नाही. संध्याकाळी गाडीतून लांब वायर टाकून मशीन मांडवात नेलं. मामी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या, हिरवी साडी, नाकाला नळी, ओंजळीत अक्षता. मुहूर्ताला त्यांनी त्या टाकल्या त्या खरोखरच भाचीच्या डोक्यावर पडल्या. त्या सायकलवाल्या बाबांनी मामींच्या शेजारची खुर्ची पटकावली होती. त्यांनी मामींना नमस्कार केला आणि पंक्तीत बसायला निघून गेले.

मामी पुढच्या दसऱ्याच्या आधी गेल्या. मशीन मामांनी एका गरजू घरात देऊन टाकलं. गाडी अंगणातच आहे. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. फार गप्प असतात हल्ली. निदान आकड्यांवर तरी बोलतील म्हणून मी विचारलं, "मामा, त्या दिवशी देवळ्याला चार्जर किती अँपिअर ओढत होता हो?"

"नाही मोजलं," मामा म्हणाले. "परत येताना घाटात म्हणाली, आता मला समुद्र दाखवा. मी म्हटलं, लांबचा पल्ला आहे, एकदा नीट मोजून घेतो, मग जाऊ. ती बरं म्हणाली." ते अंगणातल्या गाडीकडे बघत होते. "मोजत बसलो हो, जावईबापू. तसंच निघायला पाहिजे होतं."

मामांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. आमच्याकडे सासरच्या वडीलधाऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवायची पद्धत नाही. मी ठेवला.